खाली सोडा जरा

"आज घरी गेल्यावर जरा खाली सोडा त्याला. दिवसभर बसून पाय आखडलेत," सुलक्षणा म्हणाली आणि म्हणता म्हणता अडखळली. वाक्य रोजच्या वापरातलं होतं. मारुंजीतल्या आपल्या पाळणाघराच्या दारात उभं राहून तिने ते कितीतरी आयांना सांगितलं होतं. आजही तसंच, मुद्दाम काही सांगतोय असं न दाखवता, दुपट्याची घडी घालता घालता सांगितलं होतं. पण आज ते ओठांवरून सुटताना तिला त्यात दुसराच आवाज ऐकू आला. जाडसर, मिसरीच्या वासाचा, शेवटी हेल काढणारा. 'घरी गेलीस की वाईच खाली सोड तिला, बाय. पाय आकडल्यात पोरीचं.' तिच्या लेकीला, सृष्टीला, सांभाळणाऱ्या सारजाबाईंचा आवाज. सृष्टी वर्षाची होती तेव्हाचा. आणि तेव्हा दाराबाहेर, कडेवर सृष्टीला घेऊन, खांद्यावरून घसरणारी पर्स सावरत उभी होती ती स्वतः सुलक्षणा.

समोरची उत्कर्षा "हो ताई, सोडते" म्हणाली. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, एका कानात कुणाची तरी मीटिंग अजून संपली नव्हती. तिने इंद्रजितला उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसून दिवसभराचा राहिलेला वास एका दमात ओढून घेतला आणि ती निघून गेली. सुलक्षणा दारातच उभी राहिली. रस्त्यावर संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती, टेम्पोवाले एकमेकांच्या उरावर येत होते, समोरच्या सोसायटीत एकेक खिडकी उजळत होती. आत पिंकी खेळणी गोळा करत होती. "ताई, काय झालं वो? त्वांड का असं?" पिंकीने विचारलं. "काही नाही," सुलक्षणा म्हणाली. पिंकीला ते पटलं नाही, पण इथं कामाला लागून तिला दोन वर्षं झाली होती. कुणाला कधी विचारायचं नाही एवढं ती शिकली होती.

इंद्रजित सकाळीच चालला होता. मऊभाताची वेळ होती, पिंकी वाटी घेऊन बसली होती, आणि भिंत धरून उभा असलेला तो गडी एकाएकी भिंत सोडून निघाला तो डुलत डुलत थेट पिंकीच्या मांडीवर येऊन कोसळला. "अगं बया!" म्हणायला पिंकीने तोंड उघडलं आणि सुलक्षणाकडे बघून तसंच मिटलं. कारण हा इथला कायदा होता. पहिलं पाऊल, पहिला शब्द, जे जे म्हणून पहिलं ते आईचं. पाळणाघरात घडलं तर ते घडलंच नाही असं धरायचं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, जेवताना आपापसात कुजबुजसुद्धा नाही. फक्त संध्याकाळी आईला आडून सुचवायचं की मूल जरा खाली सोडा. मग दुसऱ्या दिवशी ती आई केससुद्धा न विंचरता धावत येते, "ताई, काल चालला!" म्हणते, आणि आपण गालाला हात लावून "काय सांगता!" म्हणायचं. हे 'काय सांगता' कसं म्हणायचं तेही सुलक्षणा नव्या बायकांना शिकवायची. फार मोठ्याने म्हटलं तर नाटक वाटतं, हळू म्हटलं तर बाईचा हिरमोड होतो. पिंकीला हे जड जायचं. "ताई, माज्या पोटात दुखतंया," ती आज सकाळीच म्हणाली होती. "त्यो माज्याकडं आला वो. कुणाला तरी सांगू द्या की." सुलक्षणा हसून म्हणाली होती, "ओवा खा." आता संध्याकाळी दारात उभं राहून तिला ते आठवलं आणि आपण हसलो कशाला असं वाटलं.

हा कायदा आपणच केला असं ती आजवर समजत होती. आणि तो केला होता एका संध्याकाळच्या आठवणीवरून. ती आठवण तिने इतक्या वेळा हाताळली होती की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. औशाहून लग्न करून आलेली, हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांच्या भरतीचं काम करणारी सुलक्षणा. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसत होती. काही महिने तिला कुठंही बसवलं, या टेबलावरून त्या टेबलावर, आणि मग एक दिवस साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं की आता तुम्ही थोडा वेळ घराला द्या. नवरा विश्राम तेव्हा पिरंगुटच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला होता. सारजाबाईंकडून सृष्टीला घेऊन ती खोलीवर आली, दिवा न लावताच तिने पलंगाखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला घेतले. औशाला जायचं, आईच्या घरी, आणि परत यायचं नाही, असं काहीतरी मनात होतं. धड विचारही नव्हता, नुसता अंधार होता. आणि त्या अंधारात कपाटापासून सृष्टी निघाली. हात पुढे, तोंड उघडं, एक पाऊल, दुसरं, अर्धं तिसरं, आणि तिने सुलक्षणाचा पदर धरला. सुलक्षणा किती वेळ रडली ते तिलाच माहीत नाही. मग तिने उठून दिवा लावला आणि बॅग रिकामी केली. पोरगी इथं चालायला लागली, तर आपणही इथंच उभं राहायचं. दोन महिन्यांनी तिने शेजारणीची दोन मुलं सांभाळायला घेतली.

यापुढचं सगळं जगजाहीर होतं. दोन मुलांची बारा झाली, एका खोलीचा मजला झाला, मारुंजीनंतर माणला दुसरं पाळणाघर निघालं आणि सोमवारी पिरंगुटला तिसरं उघडायचं होतं, पिंकीच्या हाताखाली. सुलक्षणाला आयांची तोंडं वाचता यायची. कोण नवऱ्याशी भांडून आली, कुणाला साहेबाने झापलं, कोण उद्या नोकरी सोडायचं म्हणणार आहे, हे चप्पल काढायच्या आत तिला कळायचं, आणि त्या बाईच्या हातात मूल देण्याआधी ती पाण्याचा तांब्या द्यायची. मागे पौडच्या महिला मेळाव्यात एका शहरातल्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. आपल्याकडे याला नुसतं शहाणपण म्हणायचे आणि त्याचं कुणी प्रमाणपत्र देत नसे. त्या मेळाव्यात शाल आणि नारळ घेऊन सुलक्षणाने तीच गोष्ट सांगितली होती, अंधारी खोली, बॅग आणि सृष्टीचं पहिलं पाऊल. आणि बायका पदराने डोळे पुसत होत्या. सगळा डोलारा त्या अडीच पावलांवर उभा होता. आणि आता तिला आठवत होतं की त्या दिवसांत सारजाबाई तिला म्हणायच्या, खाली सोड तिला. वाईच खाली सोड. एकदा नव्हे, रोजच म्हणायच्या. मग ते पाऊल पहिलं होतं की नव्हतं?

एवढाच प्रश्न. कुणी म्हणेल, असेना का दुसरं नाहीतर दहावं, पोरगी आता अकरावीत आहे, घोड्यासारखी पळते. पण त्या रात्री जेवताना सुलक्षणाचं लक्ष ताटात नव्हतं. सृष्टी कानात तारा खुपसून, पाय खुर्चीवर घेऊन वरणभात कालवत होती. सुलक्षणा तिच्या पायांकडे बघत राहिली. लांब बोटं, टाचेला भेग, नखांना अर्धवट निघालेला निळा रंग. हे पाय कुणाकडे निघाले होते पहिल्यांदा? तिच्या डोळ्यांपुढे सारजाबाईंची मांडी आली, हिरव्या लुगड्याची, रुंद, आणि त्या मांडीवर कोसळणारी सृष्टी. तिला लाज वाटेल इतका मत्सर वाटला. "काय बघतेयस, आई?" सृष्टीने विचारलं. "नखं काप," सुलक्षणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार, पण विश्रामची सकाळची पाळी होती. त्याने तिला गाडीवर मागे बसवून पिरंगुटच्या स्टँडवर सोडलं. "माले गावाला जायचं काय काढलंस एकदम? सोमवारचं उद्घाटन सोडून?" तो म्हणाला. "सारजाबाईंना बोलवायला जातेय." "फोन नाही का त्यांना?" "आहे की." विश्रामने हेल्मेटच्या आतून तिच्याकडे पाहिलं. तो फार बोलणारा नव्हता. लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोचा रोख ओळखून वेळेवर गप्प बसणं ही त्याची कमाई होती. "बसमध्ये खिडकीत बस," एवढं म्हणून तो गेला.

खिडकीत बसल्यावर तिला बरं वाटलं. पौडच्या पुढे बस रिकामी झाली आणि रस्ता डोंगरांत शिरला. भात पिकलं होतं. दोन्ही बाजूंना सोनेरी खाचरं, त्यावर सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. बस धुक्यात शिरे, बाहेर येई, पुन्हा शिरे, आणि प्रत्येक वेळी बाहेर दिसणारं शेत तेच आहे की दुसरं हे कळेनासं होई. सुलक्षणाचे डोळे मिटत होते. अर्धवट झोपेत ती पुन्हा सारजाबाईंच्या जुन्या दारात उभी होती. मारुंजीत सारजाबाईंचे भाऊ हैबतराव, त्यांची पत्र्याची चाळ, दहा भाडेकरू; तिथल्या कोपऱ्याच्या खोलीत विधवा बहीण भाडेकरूंची पोरं सांभाळायची. नंतर चाळ पाडून हैबतरावांनी सहा मजले चढवले आणि बहीण मालेला सासरच्या तुकड्यावर परत आली. त्या खोलीत सुलक्षणा रोज धापा टाकत पोचायची, सृष्टीला उचलायची ती झोपवेपर्यंत कडेवरच ठेवायची. एका हाताने पोळ्या लाटायची, एका हाताने फोन. दिवसभराचं राहिलेलं संध्याकाळी भरून काढायचं, म्हणून तिला ती उतरवायचीच नाही. तो भार तिला आता डाव्या कमरेवर स्पष्ट जाणवला, तो ऊबदार ओलसर भार, आणि कानाशी लागलेला श्वास. या भाराला पाय होते का तेव्हा? चालणारे पाय? ती दचकून जागी झाली. कंडक्टर "माले, माले" म्हणत होता.

सारजाबाई घरामागे खळं सारवत होत्या. कापणी तोंडावर आली होती. उकिडव्या बसून, शेणाचा हात अर्धगोल फिरवत फिरवत त्या मागे सरकत होत्या. सुलक्षणाला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "कोण? सुलक्षणा व्हय? आगं बया, शिवू नको, हात शेणाचं हायेत. बस तितं दगडावर. पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. अकरावीला आहे."

"आन तू का अशी वाळलीस? धंदा चालंना व्हय?"

"चालतोय. उद्या पिरंगुटला तिसरं उघडतेय. तुम्ही या, नारळ तुमच्या हातचा पाहिजे."

"मी यिऊन काय करू? भात कोण कापील, तुजा नवरा?" सारजाबाई हसल्या, मग म्हणाल्या, "यीन की. न्यायला गाडी पाठव." आणि पुन्हा हात फिरू लागला. मग पावसाचं, गुडघ्यांचं, हैबतरावांच्या सुनेचं झालं. ओल्या शेणाचा वास उन्हात हळूहळू चढत होता. दूर कुणीतरी बैलाला हाक मारत होतं. सुलक्षणा दगडावर बसून राहिली. हजार बायकांना बोलतं करणारी ती, पण तिचा स्वतःचा एक प्रश्न तिला विचारता येत नव्हता. न विचारता परत जावं, असंही तिला वाटून गेलं. बस दुपारची होती. विचारलं नाही तर ते पाऊल तिचंच राहणार होतं.

"सारजाबाई," ती म्हणाली, "आमची सृष्टी पहिल्यांदा कधी चालली हो?"

सारजाबाईंचा हात थांबला नाही. "कधी म्हंजी? तुज्या घरी चालली की. दुसऱ्या दिशी सकाळी तूच आली न्हाईस का सांगत? मी म्हणलं, काय सांगतीस!"

फार मोठ्याने नाही, फार हळूही नाही. अगदी बेताचं. सुलक्षणाने तो सूर ओळखला. हे 'काय सांगतीस' तिला पाठ होतं, तिने आजवर शेकडो वेळा म्हटलेलं आणि पिंकीसारख्या मुलींकडून म्हणवून घेतलेलं. तिने शोधून काढलेलं ते नव्हतंच. ते तिने इथून, या बाईच्या तोंडून उचललं होतं, आणि उचलताना ते खरं आहे असं समजून उचललं होतं.

"सारजाबाई, मी पण आता तोच धंदा करते," ती म्हणाली. "ते 'काय सांगतीस' मला तरी नका ऐकवू."

सारजाबाईंनी मान वर केली. सुलक्षणाचं तोंड नीट निरखलं. मग त्यांच्या अंगात कुठूनतरी हसू आलं आणि त्या हसता हसता खोकू लागल्या, शेणाचा हात तसाच हवेत धरून. "व्हय की गं," त्या म्हणाल्या. "चोराला चोर गावला." मग हसू विरलं. "आठवडाभर आदी चालली हुती. चांगली चालली हुती."

सुलक्षणाने डोळे मिटले. वाटलं होतं तसा घाव बसला नाही. कुठंतरी आत काहीतरी सैल झालं, आणि ते जास्त दुखलं. "आठवडाभर?"

"तुला रोज सांगायची, खाली सोड. तू म्हणायचीस, व्हय सोडते. आन उचलून चालली. मी दारातनं बगत ऱ्हायची, आज तरी सोडंल. मदी रविवार आला, म्हणलं आता दिसंलच. सोमवारी तुजं त्वांड बगितलं तर तसंच, मेल्यावानी. लई जिवाला लागायचं बग. पोरगी इकडं पळती आन आईला पत्ता न्हाई. आन सांगावं तर तुजं हाय त्येबी जाईल."

म्हणजे तो आठवडाभर कमरेवरच्या त्या भाराला पाय होते. सुलक्षणा तिला घट्ट धरून बसली होती, प्रेमाने, अपराधाने, आणि पोरीला खाली उतरायचं होतं. आणि उतरवलं कधी, तर बॅग भरायला दोन्ही हात लागले तेव्हा. सोडून जाण्यासाठी हात मोकळे केले म्हणून. हे सुलक्षणाला इतकं स्वच्छ दिसलं की तिला हुंदका आवरेना. सारजाबाईंनी रडू दिलं. जवळ आल्या नाहीत, उगी उगी म्हणाल्या नाहीत. बाजूच्या कळशीतलं पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले आणि तिच्या शेजारी दगडावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्सं कुणाला बोलली न्हाई मी. माज्या मालकालाबी न्हाई सांगता आलं, त्यो तर आदीच गेलता. माजं तर प्वार बी न्हाई. रातीला पडल्या पडल्या मनात यायचं ते, आन एकलीच हसायची."

सुलक्षणाने तोंड पुसलं. कालपासून छळणारा प्रश्न तिने आता विचारून टाकला. "तुमच्याकडे आली का? पहिल्यांदा?"

"माज्याकडं? छ्या!" सारजाबाई म्हणाल्या. "कोंबडीमागं गेली."

"कोंबडीमागं?"

"मग! मी बसलेली तांदूळ निवडत. आली वैनीची कोंबडी उंबऱ्यात. ही बसलेली हुती, उठली, आन चालली की तिला धराया. मी हात पुढं केला तर माज्याकडं बगितलंबी न्हाई. तरातरा."

सुलक्षणाला हसू फुटलं. रडण्यातच फुटलं, नाक पुसता पुसता. कालपासून ती त्या हिरव्या लुगड्याच्या मांडीचा हेवा करत होती, आणि पोरगी गेली होती कोंबडीकडे. ना हिच्याकडे, ना तिच्याकडे. "कसली कोंबडी होती?" तिने विचारलं.

"तांबडी. लई खट्याळ. पोरांच्या हातातनं भाकरी न्यायची."

"आणि सृष्टीच्या अंगात काय होतं?"

"झबलं, पिवळं. तूच घातलेलं सकाळी. आन यक पाय उघडा, मोजा काडून टाकलेला."

पिवळं झबलं सुलक्षणाला आठवलं. त्या सकाळी आपण कुठं होतो, कुठल्या टेबलावर बसलो होतो, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि मग तो सोडून दिला. तिथं तिचं काही नव्हतं. जे होतं ते इथं, या दगडावर बसलेल्या म्हातारीकडे होतं, जपून ठेवलेलं, एकदाही न वापरलेलं.

"मग धरली का कोंबडी?"

"धरतीय कुटली! उंबऱ्याला आडकून पडली, हनुवटीवर आपटली. मी धावलेच. म्हणलं आता भोकाड पसरंल, हिच्या आईला काय सांगू. तर न्हाई. रडली न्हाई. हितं तितं बगितलं, हात टेकलं, ढुंगाण वर केलं, आन उठली. आन पुन्ना कोंबडीमागं." बोलता बोलता सारजाबाई उभ्या राहिल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांवर, लुगडं जरा वर धरून, हात पुढे करून त्या ओल्या खळ्याच्या कडेकडेने दोन पावलं डुलत चालून दाखवत होत्या, सृष्टी चालली होती तशी. चेहरा उजळला होता. मग धाप लागली आणि त्या परत दगडावर बसल्या.

दुपारची बस रस्त्यावरून हॉर्न वाजवत गेली. दोघींपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

"पुन्हा सांगा," सुलक्षणा म्हणाली. "पहिल्यापासून."